पोलिसाची नोकरी सांभाळून पदवी लवकरात लवकर कशी पूर्ण करावी?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, लिहायला आज बसलो. जळगाव जिल्ह्यात ग्रामीण ठाण्याला पोलीस शिपाई आहे. भरती २०१६ ची. बारावी सायन्स करून चोपड्याला एफवायबीएस्सीला बसलो, पास झालो. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी अंथरूण धरलं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. मग भरती, ट्रेनिंग, मुख्यालय, ठाणं. आता वय ३१, ओबीसीतून आहे. सरळसेवेने पीएसआयला बसायचं तर पदवी पाहिजे, आणि वयाची मर्यादा खुल्याला ३१, मागासवर्गीयाला ३४. म्हणजे हातात तीन वर्षं आहेत आणि पदवीलाही तीनच लागतात.

ड्यूटी तुम्हाला माहीतच आहे. सकाळी समन्स-वॉरंट, दुपारी कोर्ट, रात्री राउंड, मधेच कुठला बंदोबस्त लागला की साप्ताहिक सुट्टी गेली. घरी दोन वर्षांची मुलगी आहे.

विचारायचं एवढंच : पदवी लवकर व्हायचा काही सरळ मार्ग आहे का? जुन्या एफवायचा उपयोग होईल का? आणि एक जण म्हणतो दीड वर्षात डिग्री हातात देतो, फक्त फी भरा. बाहेरच्या राज्यातलं विद्यापीठ सांगतो. खरं असतं का हे?

केळीबाग
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. त्याचा नंबर डिलीट कर.

सातपुडा
गिरणाकाठ, मी एएसआय आहे, नंदुरबार जिल्हा, २८ वर्षं सेवा झाली. त्या दीड वर्षवाल्याबद्दल नीट सांगतो, कारण एका चांगल्या पोराची नोकरी याच्यावरून गेलेली डोळ्याने पाहिली आहे. पदवीची नोंद सेवापुस्तकात घ्यायची म्हटलं की पडताळणीचं पत्र विद्यापीठाला जातं. तिकडून "असा विद्यार्थी आमच्याकडे नोंद नाही" असं उत्तर आलं की पुढचं तुला मी सांगायला नको. आपणच अशा बनावट दाखल्यांचे गुन्हे दाखल करतो. फसवणूक, बनावट कागद तयार करणं, तो खरा म्हणून वापरणं, सगळी कलमं लागतात. त्या पोराच्या घरी मी गेलो होतो. आई दारात उभी होती, आत या सुद्धा म्हणाली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी खोट्या विद्यापीठांची यादी दर वर्षी काढते. दूरशिक्षणाला कुठल्या विद्यापीठाला मान्यता आहे त्याची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या (डीईबी) साइटवर असते, आणि ती वर्षागणिक, कोर्सागणिक असते. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षाची, त्या कोर्सची मान्यता बघ. आता दूरशिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. जो माणूस "आयडीबियडी काही लागत नाही" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

पांझरा
जुन्या एफवायबद्दल. श्रेयांक बँक म्हणजे एबीसी २०२१ मध्ये आली. तिच्यात क्रेडिट जमा असेल तर सात वर्षांपर्यंत वापरता येतं. तुझं एफवाय त्याच्याही कितीतरी आधीचं, आणि तेही सायन्सचं. मार्कशीट घेऊन विद्यापीठात चकरा मारण्यात तुझे चार महिने जातील आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत निघून जाईल. माझं ऐक, आर्ट्सला नव्याने सुरुवात कर. ज्यांनी अलीकडे एफवाय, एसवाय करून सोडलंय त्यांनी मात्र क्रेडिट जरूर तपासावं, त्यांचं वर्ष वाचू शकतं.

बोदवडकर
पेपरात आलं होतं ना की आता पाच सेमिस्टरमध्ये डिग्री होणार? यूजीसीने मंजूर केलंय म्हणे.

पांझरा
हो, २०२४ च्या शेवटी मंजूर झालं. तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरमध्ये, चार वर्षांची सहा किंवा सातमध्ये. पण ते कॉलेजात रोज हजर असणाऱ्या मुलांसाठी. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल बघून कॉलेजची समिती निवड करते, तीही दहा टक्के जागांपुरती. शिवाय प्रत्येक सेमिस्टरला जास्तीचे विषय उचलावे लागतात. ठाण्यातल्या माणसाला ते जमणारं नाही. आणि वाचून वाचून सहा महिने वाचतात.

वाघूर
मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं, २०१९ ला प्रवेश, पहिल्या झटक्यात सगळं पास. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ ला निघालं ते नोकरी करणाऱ्या माणसासाठीच. पुस्तकं मराठीत, भाषा सोपी, अभ्यासकेंद्र जवळपास प्रत्येक तालुक्याला. विषय घे इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन. पुढे एमपीएससीला तेच लागतं, एका दगडात दोन पक्षी. मी तर निवडणुकीनंतर स्ट्राँगरूमच्या गार्डवर बसल्या बसल्या लोकप्रशासनाची दोन पुस्तकं वाचून काढली.

सातपुडा
वाघूर, बाकी सगळं पटलं, गार्डवरचं नाही पटलं. स्ट्राँगरूम असो, कोषागार असो, गार्ड म्हणजे गार्ड. हातात रायफल असताना मांडीवर पुस्तक नको. काही झालं तर पुस्तकामुळे झालं असंच लिहिलं जाईल, आणि ते बरोबरच असेल. नव्या पोरांना हे सांगू नका.

वाघूर
नाना, तुमचं मान्य. आम्ही चौघं होतो, ज्याची पाळी नसायची तो वाचायचा. पण मी ते अर्धवटच लिहिलं, चूक झाली.

अनेर
मी शिरपूरकडची, महिला पोलीस शिपाई. बीए पूर्ण केलं तेव्हा मोठा मुलगा सव्वा वर्षाचा होता. दादा, तुमची मुलगी दोन वर्षांची आहे म्हणून मुद्दाम लिहितेय.

"दोन तास अभ्यास" असं ठरवलंत तर ते दोन तास एकदाही मिळणार नाहीत. मी असं करायचे : सुट्टीच्या दिवशी एक प्रकरण मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायचं, माझ्याच आवाजात. मग सकाळी भाकरी थापताना ते लावायचं. एका बाजूला तवा, एका बाजूला मोबाइल. पिठाच्या हाताने बंद करता यायचं नाही, म्हणून पूर्ण ऐकावंच लागायचं. कळण्याच्या भाकरीच्या वासासोबत मला आजही १८५७ च्या उठावाची कारणं आठवतात. पेट्रोलिंगला जाता-येता नाही ऐकायचं, ते ड्यूटीचं. पण घर ते ठाणं बसचा पाऊण तास आपला असतो.

आणि घरच्यांना आधी विश्वासात घ्या. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. पेपरच्या आदल्या रात्री बाळ रडलं की त्या उठून अंगणात घेऊन फिरायच्या, मला उठू द्यायच्या नाहीत. निकालाच्या दिवशी मी त्यांनाच आधी पेढा भरवला. तुमच्या घरात हे ओझं कोणावर पडणार आहे? बहुतेक वहिनींवर. त्यांना विचारून प्रवेश घ्या.

केळीबाग
ताई, भाकरीचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो.

बोरीकाठ
आता मूळ प्रश्नावर येतो. गिरणाकाठभाऊ, तुले एकच सांगस. तीन वर्षांची पदवी तीन वर्षांतच होते, दूरशिक्षणात ती कमी करता येत नाही. पण आपल्या खात्यातल्या माणसाला तिला पाच वर्षं लागतात, सहा लागतात. का? नापास होतो म्हणून नाही. पेपरच्या दिवशी बंदोबस्तात असतो म्हणून. खरी लढाई तिथे आहे.

म्हणून मी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ घेतलं. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. जूनचा एखादा पेपर हुकला तर डिसेंबरला देता येतो, वर्ष जात नाही. कमाल मुदत सहा वर्षं आहे, त्यामुळे मानेवर सुरी नसते. ३० टक्के गुण स्वाध्यायाचे (घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटचे), ७० टक्के लेखीचे. स्वाध्याय वेळेत टाकले की निम्मा जीव भांड्यात.

आता हे नीट वाच. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे काय? नागपूरचं हिवाळी अधिवेशन आणि सारंगखेड्याची दत्त जयंतीची यात्रा. दोन्हीला खान्देशातला फोर्स जातो. पहिल्या वर्षी माझे दोन पेपर अधिवेशनाने खाल्ले. दुसऱ्या वर्षी डोकं चालवलं. इग्नूचा परीक्षा फॉर्म भरताना केंद्र आपल्याला निवडता येतं. अधिवेशनाला माझं नाव लागणार हे जवळजवळ नक्की होतं, म्हणून केंद्रच नागपूर टाकलं! तिथल्या आमच्या अधिकाऱ्यांना आधी हॉल तिकीट दाखवलं, पाळी बदलून घेतली. रात्रपाळी करून सकाळी तिथेच तोंड धुतलं, वर्दीवर जर्किन चढवलं आणि पेपरला जाऊन बसलो. राज्यशास्त्राचा होता. ६१ पडले.

जूनचं गणित वेगळं. आषाढीला पंढरपूर लागू शकतं, म्हणून जूनला अवघड विषय ठेवायचा नाही.

माझी पुस्तकं आहेत जपून ठेवलेली. पाहिजे असली तर सांग, अमळनेरला येऊन घेऊन जा. पैसे नको.

वाघूर
पण इग्नूची पुस्तकं हिंदी-इंग्रजीत. आपल्या पोरांना मराठीच बरं. पेपर लिहिताना हात अडतो.

बोरीकाठ
हात अडतो हे खरं, पहिले दोन पेपर अडला. ज्याला हिंदी लिहायची सवय नाही त्याने मुक्त विद्यापीठच घ्यावं. गिरणाकाठ कुठल्या भागात नोकरी करतो त्यावर आहे.

पांझरा
लिहिण्यावरून. आमच्या ठाण्याचे एक क्राइम रायटर बीएला बसले तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट दाखवली ती इथे देतो. पंचनामा लिहिणाऱ्या माणसाला उत्तर लिहिणं शिकवावं लागत नाही. पंचनाम्यात आपण काय करतो? जागा, वेळ, चतुःसीमा, मग समोर दिसलं ते क्रमाने, डावीकडून उजवीकडे. मधे आपलं मत घालत नाही. उत्तरपत्रिकेतही तेच करायचं. पहिल्या दोन ओळींत प्रश्नाची चतुःसीमा, मग मुद्दे क्रमाने, शेवटी निष्कर्ष. हात भरभर चालतो, कारण पानंच्या पानं लिहायची आपल्याला सवय असते. कॉलेजच्या मुलांना ती नसते. फक्त "सदरहू" आणि "वगैरे मजकुराचा" एवढं काढून टाकायचं. त्यांनी सराव म्हणून असहकार चळवळीवर लिहिलेलं उत्तर मी वाचलंय, चौरी-चौराची घटना अशी उभी केली होती की वाटावं हे तिथे हजर होते.

तोरणमाळ
परवानगीचं कोणी लिहिलं नाही अजून. पूर्वपरवानगी घ्या. ठाण्याच्या प्रभारींमार्फत पोलीस अधीक्षक कार्यालयाला अर्ज. अर्जात स्पष्ट लिहा की शिक्षण दूरस्थ पद्धतीने आहे, कर्तव्यात अडथळा येणार नाही. माझा अर्ज एका ठाण्यात चार महिने ड्रॉवरमध्ये पडून होता. कारण मी तो हातोहात दिला होता, बारनिशीला (आवक-जावक टेबलाला) आवक नंबर टाकून घेतला नव्हता. पदवी झाल्यावर नोंद घ्यायला गेलो तर "परवानगी कुठे आहे?" सव्वा वर्ष कागद फिरत राहिले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

रजेचंही तसंच. २०२२ मध्ये किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या. त्यातल्या परीक्षेसाठी बाजूला ठेवायच्या. लग्नं, हळदी, जावळं यात उडवायच्या नाहीत. वेळापत्रक आलं की त्याच दिवशी हॉल तिकिटासह रजेचा अर्ज टाकायचा. आदल्या दिवशी मागितली तर कोणताच साहेब देणार नाही, आणि त्यांचाही नाइलाज असतो.

बोदवडकर
मी जरा वेगळं बोलतो. एवढी धावपळ कशाला? खात्यांतर्गत पीएसआय परीक्षेला बारावीवरही बसता येतं. आतापर्यंतच्या जाहिरातीत पदवीधराला चार वर्षं सेवा, बारावीला पाच, दहावीला सहा अशी अट असायची. गिरणाकाठची सेवा केव्हाच पाच वर्षांपुढे गेली. जाहिरात निघेल तेव्हा तो बसू शकतो. मग तीन वर्षं पोरीपासून लांब राहून बीए कशाला?

सातपुडा
बोदवडकर, तुमचा मुद्दा चूक नाही. पण जाहिरात निघण्याच्या भरवशावर किती जण म्हातारे झाले ते मी बघितलंय. दोन्ही दारं उघडी ठेवावी. आणि पदवी फक्त परीक्षेपुरती नसते. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे आले. खुनाला तीनशे दोन म्हणायची जिभेची सवय, आता एकशे तीन. झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण, सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक. ज्याला वाचायची सवय होती त्याने महिन्यात पकडलं. ज्याची सुटली होती तो अजून शेजारच्याला विचारतो.

मला स्वतःला एलएलबी करायचं होतं. दहावीनंतर भरती झालो, मग मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी कोर्स करून थेट बीए केलं, बारावी मधे नव्हतीच. लॉ कॉलेजात गेलो तेव्हा कळलं, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी एलएलबीला चालत नाही. त्या दिवशी जिना उतरताना पाय जड झाले होते. ज्यांची बारावी नाही त्यांनी आधी १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून बारावी करा, मग पदवी. त्यात एखादं वर्ष जास्त गेलं तर जाऊ द्या. गिरणाकाठ, तुझी बारावी आहे, तुझा रस्ता मोकळा आहे.

अनेर
नाना, तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतं.

सातपुडा
आज विषय निघाला ताई.

केळीबाग
मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीला लोक कमी लेखतात त्याचं काय? आमच्या पाहुण्यांत एकाने तोंडावर म्हटलं, "घरी बसून घेतलेली डिग्री."

पांझरा
यूजीसीने २०२२ मध्ये लेखी स्पष्ट केलंय, मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. पाहुण्याला म्हणावं, घरी बसायला मिळालं असतं तर अजून काय पाहिजे होतं!

वाघूर
एक हिशेब टाकतो. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, दूरशिक्षणात एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे ३६०० तास, वर्षाला १२००, दिवसाला सव्वातीन. एवढं कोणी करत नाही, मीही केलं नाही. पण आकडा डोळ्यांसमोर असला की परीक्षेच्या महिन्यावर सगळं ढकलत नाही माणूस. मी रोज पाऊण तास आणि सुट्टीला पाच तास असं धरलं होतं. गणपती ते नवरात्र शून्य.

पांझरा
गिरणाकाठ, तुझ्या ३४ च्या मर्यादेचं एक राहिलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना एमपीएससीची पूर्व परीक्षा देता येते. मुख्य परीक्षेचा अर्ज भरायच्या तारखेपर्यंत पदवी पास पाहिजे. म्हणजे तुला तीन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. या जुलैला प्रवेश घेतलास आणि एकही पेपर मागे ठेवला नाहीस तर तिसऱ्या वर्षात जाहिरात आली की अर्ज भरता येईल. तुला जे "लवकर" पाहिजे ते हेच. एक जरी विषय राहिला तरी हे दार बंद होतं.

बोरीकाठ
पांझराने नेमकं सांगितलं. मी इतकं लिहिलं आणि हेच राहिलं होतं.

केळीबाग
पास झालास की पार्टी लागेल. शेवभाजी चालणार नाही. फौजदार होणाऱ्या माणसाने फौजदारी डाळच खाऊ घालायची!

गिरणाकाठ
सगळ्यांचे उपकार आहेत. पंधरा दिवसांनी लिहितोय, मधे बंदोबस्त होता.

त्या दीड वर्षवाल्याला काल फोन केला आणि त्याच्या विद्यापीठाची या वर्षाची मान्यता दाखव म्हटलं. त्याने फोन ठेवला. सातपुडा नाना, तुम्ही त्या आईचं लिहिलंत ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. मी पहिला हप्ता द्यायच्या बेतात होतो.

अनेरताई, घरी विचारलं. बायको म्हणाली, "बारावीत तुम्हाला किती होते?" मी सांगितलं ७१ टक्के. म्हणाली, "मग एवढं घाबरता कशाला?" रेकॉर्डिंग ती करून देणार आहे, तिचा आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

इग्नू घेतोय, जुलैचा प्रवेश. माझं ठाणं रावेरकडे, बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. निम्मे फिर्यादी हिंदीतच बोलतात, त्यामुळे भाषेची तेवढी भीती नाही. डीईबी आयडी आणि एबीसी दोन्ही काढले. एफवायची मार्कशीट परत पेटीत ठेवली. परवानगीचा अर्ज सोमवारी दिला. बारनिशीच्या मॅडम म्हणाल्या ठेवून जा, नंतर टाकते. मी म्हटलं मॅडम, थांबतो. वीस मिनिटं थांबलो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊनच निघालो, फोटो काढून ठेवलाय.

बोरीकाठभाऊ, पुस्तकं अजून आहेत का? गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी आहे, रद्द नाही झाली तर येतो.

बोरीकाठ
आहेत. दोन पिशव्या होतील, मोटरसायकलवर येऊ नकोस, बसने ये. अमळनेर स्टँडला उतर आणि फोन कर. समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे ते खोडू नकोस, नागपूरला वाचलेले प्रश्न आहेत ते. आणि जेवूनच जायचं, घरी भरीत करायला सांगितलंय.